न्हाणीच्या पाण्यावर

वाटणीत भांडी मोजली, पत्रे मोजले,
शिलाई मशीन तिच्याकडं गेली, कणगी माझ्याकडं आली.
परसातली चार वाफ्यांची जागा तेवढी वाटता आली नाही,
कारण न्हाणीचं पाणी एकाच नळीतून बाहेर पडतं
आणि पाण्याची काही सही घेता येत नाही.

सेलूत आमच्या गल्लीला नळ आठव्या दिवशी.
मधले सात दिवस
तिची आंघोळ, माझी भांडी,
दोघींच्या लेकरांचे चिखलाचे पाय,
सगळं मिसळूनच माळव्याला जातं.

मग तिनं मधोमध विटांची ओळ लावली.
अयोध्या. माझी धाकटी जाऊ.
तीन वर्षं झाली, आम्ही बोलतो ते
लेकरांच्या तोंडून:
"काकूला म्हणावं, नळी पिरगळली."
"आईला म्हणावं, दिसतंय."

मी टमाट्याचे दोन तास लावले, दोरी धरून, सरळ.
पंधरा दिवसांनी बघते तर
माझ्या रोपांच्या मधल्या जागेत झेंडू.
एक नाही, अकरा. मोजले मी.
उपटायला वाकले अन् हात तसाच मागं घेतला.
उपटले तर ती विचारणार, का उपटले,
आणि विचारणं म्हणजे बोलणं.

तसं उसनं मीही ठेवलं नाही.
तिच्या पानकोबीच्या उगवतीला
एरंडाच्या चार बिया टोचल्या.
सकाळचं ऊन अडावं, एवढाच माझा विचार.
खोटं कशाला सांगू.

कार्तिकात गल्लीभर अळी पडली.
पद्मिनबाईच्या वांग्यांची चाळणी झाली.
माझ्या एरंडाची पानं रात्रीतून संपली,
शिरा तेवढ्या उरल्या,
अळ्या अशा दाटीनं बसल्या की लग्नघरची पंगत.
पानकोबी मात्र धड,
तोंड मिटून बसलेली, आम्हा दोघींसारखी.

इकडं टमाट्याच्या मुळांना गाठी नाहीत.
गेल्या साली होत्या, शेंगदाण्याएवढ्या.
जिवावर येऊन एक रोप उपटून पाहिलं.
मुळं स्वच्छ, पांढरी,
नुकत्या विंचरलेल्या म्हातारीच्या केसांसारखी.

कृषी सहायक आले, तौफिक सर.
मोबाइलवर फोटो काढले. म्हणाले,
"मावशी, झेंडू मुळं राखतो, एरंड अळी ओढून घेतो.
सापळा पीक म्हणतात याला. नियोजन कुणाचं?"
मी तिच्याकडं बघितलं. ती विटांकडं.
"चहा घेता का सर," म्हणलं मी.

तिचं माहेर वालूरकडं, बापाचा भाजीचा मळा.
झेंडूचं तिला ठाऊक असणारच.
मग त्या अकरा रोपांना कोणत्या खात्यात लिहू?
आणि एरंडाचंही ठाऊक असेल
तर माझ्या चार बिया बघून ती मनात हसली असेल,
की तिला वाटलं असेल, मी...
जाऊ द्या. तसलं काही नाही वाटायचं तिला.

सगळ्यांचं सगळ्यांशी जमतं असंही नाही.
कांद्याशेजारी चवळी रुसते.
बडीशेप तर एकटीच बरी.
फुटक्या घागरीत लावलीय कोपऱ्यात,
आणि तिचं काही वाईट चाललेलं नाही.

पण चवळीचं डोकं वेगळं.
कांद्याकडं पाठ करून
ती चाचपत चाचपत विटा ओलांडून गेली
आणि तिकडच्या मक्याला बिलगली.

मी खिडकीतून बघत होते.
दुपारी अयोध्या विळा घेऊन आली.
मक्याची वाळली पानं कापली.
वेल हातात घेतला.
थोडा वर उचलला.
बांधला.

चिंधी पोपटी होती.
जिंतूरच्या बाजारातून आणलेल्या
जोडीच्या साड्यांपैकी तिची.
माझी ट्रंकेत आहे, घडी न मोडलेली.

आता शेंगा भरल्यात.
तोडायच्या तर विटांपलीकडं जावं लागेल.
लेकराला पाठवून बघितलं,
पण शेंडा उंच गेलाय,
त्याचा हात पुरत नाही.